खालच्यानं बोलायचं

आमच्या ह्यांचं डोकं अधूनमधून फिरतं, हे लग्नाआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं. सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं की मुलगा कष्टाळू आहे, एक मिनिट स्वस्थ बसत नाही. ते खरंच निघालं. पण जो माणूस एक मिनिट स्वस्थ बसत नाही तोच एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, "मी तीन आठवडे झोपून राहायला चाललोय," तेव्हा माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

"कुठे?" मी विचारलं.

"ते संशोधनवाले आहेत ना, ज्यांचे पलंग आम्ही मागे चढवून आलो. त्यांना धडधाकट माणसं हवीत. नुसतं पडून राहायचं. आणि खोलीतली हवा ते विरळ करणार, उंच डोंगरावर असते तशी. मग पायांतल्या ताकदीचं काय होतं ते बघणार."

"आणि तुमच्या डोक्याचं काय झालंय ते कोण बघणार?"

हे हसले, पण मला नेहमीचं हसू ओळखता येतं. हे ते नव्हतं. हे आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते. दाराआड आमची लेक पडून होती, आणि तिला सगळं ऐकू जात होतं. तिला ऐकू जावं म्हणूनच तर ह्यांनी आवाज चढवला होता.

आता जरा नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल या बाईचंही डोकं फिरलंय.

आमचे हे सामान हलवायचं काम करतात. लोकांची घरं, दुकानं, ऑफिसं एका जागेवरून उचलायची आणि दुसऱ्या जागी नेऊन मांडायची. ह्यांचा एक जोडीदार आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बोलत नाही. मुका नाही हं. पण सकाळी एक वाक्य बोलला की त्याला ते संध्याकाळपर्यंत पुरतं. या दोघांचं इतकी वर्षं जमलं, त्याला कारण आहे. जड वस्तू जिन्यानं चढवताना एक माणूस वर असतो आणि एक खाली. भार जास्त येतो तो खालच्यावर. म्हणून त्यांच्या कामात पद्धतच अशी, की खालच्यानं बोलायचं आणि वरच्यानं ऐकायचं. 'उचल', 'टेक', 'थांब', 'डावीकडे घे', जे काय असेल ते खालून येणार. वरच्यानं मध्ये तोंड घालायचं नाही, कारण ओझं किती आहे ते त्याला कळत नसतं. आमचे हे कायम खाली, रेडिओ कायम वर. इतकी जुळलेली जोडी नवरा-बायकोतही सापडत नाही, निदान आमच्यात तरी नाही.

आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यामुळे लेकीला हे सगळं लहानपणापासून तोंडपाठ. घरात काही नवं यायचं म्हटलं की आधी जिन्यातून बापाचा आवाज वर यायचा आणि ही दाराशी नाचत उभी राहायची. खेळातसुद्धा उशी चढवायची तर स्वतः खाली आणि मी वर. "आई, तू बोलायचं नाहीस. तू वरची आहेस." चार वर्षांची होती तेव्हा.

चौदाव्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला. साधासुधा नाही, दोन्ही फुप्फुसं धरली. हॉस्पिटलमधल्या दिवसांबद्दल मी काही बोलणार नाही. वाचली, एवढं पुरे.

घरी आली तेव्हा काटकी झाली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, नाकाला नळी, आणि दिवसभर मशीनची ती घरघर. मी घरीच पडदे शिवायचं काम करते, त्यामुळे एकीकडे माझ्या शिलाई मशीनचा खडखडाट आणि एकीकडे त्याची घरघर. बाथरूमला जायचं तर मी तिला उचलून न्यायची. पाणी हातात, पुस्तक हातात, चमचा तोंडात. आई आहे मी, करणार नाही तर काय!

मग तपासणीला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी मलाच झापलं. तिच्या छातीचे फोटो, रक्त, सगळं बघून म्हणाल्या, "फुप्फुसं आता चांगली भरून आलीत. दिवसा ऑक्सिजनची गरज नाही. रात्री थोडे दिवस लावा. पण हिला चालवा."

"चार पावलांत धापा टाकते हो," मी म्हटलं.

"टाकणारच. इतके दिवस पडून पायांचे स्नायू झिजलेत. झिजलेला स्नायू एवढ्याशा कामानंही थकतो, हाशहुश होतं. धाप लागते म्हणून ती घाबरते, घाबरते म्हणून झोपते, आणि झोपते म्हणून स्नायू आणखी झिजतो. हे चक्र आता तिनंच तोडायचंय. वाढीचं वय आहे. आत्ता उठली नाही तर जन्मभर खाटेला चिकटून राहील, आणि त्यात फुप्फुसांचा काही दोष नसेल."

जन्मभर हा शब्द मी घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवला होता. ह्यांना सांगितला आणि मग रडले.

पण लेक उठेना. हॉस्पिटलच्या बोळात एकदा तिला चालवायला नेलं होतं, तेव्हा मधेच तिचा श्वास कोंडला होता. भिंतीला धरून ती खाली बसली आणि तिला वाटलं की आता संपलं. ते तिच्या डोक्यातून जाईना. गरज नसताना दिवसभर नळी लावून बसायची. नळी लांब होती, पार बाहेरच्या दारापर्यंत पोचायची, पण ही पलंगाच्या कडेपर्यंतही यायची नाही. मी समजावलं, चिडले, लाडीगोडी लावली. ह्यांचं एकच पालुपद, "चल ऊठ, काही होत नाही." जसं काही ती कपाट आहे आणि फक्त पकड नीट बसायला हवी.

एका संध्याकाळी ती फुटली. "काही होत नाही, काही होत नाही! बाबा, तुला काय कळतंय? तू कधी पडून राहिलायस? तुला कधी हवा कमी पडलीय?"

हे उठून बाहेर गेले. रात्री जेवलेसुद्धा नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी ही झोपून राहायची घोषणा.

जेवण झाल्यावर हे तिच्या खोलीत गेले, मी दारात उभी राहिले. हे म्हणाले, "मी पडून राहतो, तेही कमी हवेत. तुझ्याएवढं नाही, पण जमेल तेवढं. मग बाहेर येतो, आणि खाली गोदामात तुझं टेबल ठेवलंय ना, ते एकट्यानं उचलून वर आणून दाखवतो. आणलं तर तू उठायचंस. रोज उठायचंस, रडत का होईना."

टेबलाची गंमत अशी, की एक जुनं ऑफिस हलवताना मालकानं ते ह्यांना देऊन टाकलं होतं. भरीव लाकडाचं, दोन खणांचं. ती आजारी पडायच्या आधी ह्यांनी ते घासूनपुसून तिच्यासाठी ठेवलं होतं.

"आणि नाही आणता आलं तर?" लेकीनं विचारलं.

"तर तू म्हणशील ते."

"मी म्हटलं की मला परत कधी ऊठ म्हणायचं नाही, तर?"

"तर नाही म्हणणार. आईसुद्धा नाही म्हणणार."

पोरीचे पाय पणाला लावून हा माणूस मोकळा झाला, आणि मला विचारलंसुद्धा नाही! स्वयंपाकघरात गेल्यावर मी ह्यांना असं काही फैलावर घेतलं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. हे शांतपणे म्हणाले, "अगं, कपाटं उचलणारा माणूस मी. तीन आठवड्यांत काय होणार आहे मला?"

संशोधनवाल्यांची इमारत शहराच्या टोकाला होती. मला आत सोडायचे नाहीत, काचेबाहेर खुर्ची होती आणि बोलायला फोन. पहिल्यांदा गेले तर हे पलंगावर आडवे, दंडाला, मांडीला, बोटाला काय काय चिकटवलेलं, आणि चेहरा असा की जणू सहलीला आलेत. शेजारी एक चष्मेवाली मुलगी कामाला होती, गोड होती. ती मला म्हणाली, "मावशी, काकांना सांगा ना जरा. पांघरुणाखाली पाय ताणतात. आम्हाला पडद्यावर सगळं दिसतं."

"मी कुठे ताणतोय?" हे फोनवर म्हणाले. "पायच मला ताणतायत."

"काका, तुम्ही हललात तर सगळं वाया जाईल. बसायचंही नाही. जेवायचं आडव्यानं."

"अगं, ह्या खोलीतलं ते लोखंडी कपाट चुकीच्या भिंतीला लावलंय," हे मला म्हणाले. "दार पूर्ण उघडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पण नाही म्हणतात."

मी हसत घरी आले आणि लेकीला सगळं सांगितलं. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या खेपेला ह्यांचे विनोद आटले होते. चेहरा जरा सुजल्यासारखा दिसत होता. बोलताना मधेच थांबायचे. "रात्री जाग येते," म्हणाले. "वाटतं की श्वास घ्यायचा राहिला. मग घेतो तर पुरत नाही. आपली पोरगी म्हणते तसंच होतं गं." मी म्हटलं, "पुरे झालं. चला घरी. मी सांगते त्या मुलीला." तर काचेवर हात ठेवून म्हणाले, "मधेच उठलो तर तिला काय तोंड दाखवू?" मी फोन ठेवला आणि बाहेर येऊन त्या इमारतीच्या पायरीवर बसून मनसोक्त शिव्या दिल्या. कुणाला ते मलाही माहीत नाही.

सुटकेच्या दिवशी मी ह्यांना आणायला गेले. त्यांनी तिथे दोन-तीन दिवस हळूहळू उभं करून, चालवून मग सोडलं होतं. हे माझ्यासमोर ऐटीत चालत आले, पण पँट कमरेवर ढिली झाली होती आणि मांड्या कापडात हरवल्या होत्या. चष्मेवाली काहीतरी सांगायला लागली, तर हे "हो हो, कळलं, कळलं" करत मला घेऊन निघालेच. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

आमच्या इमारतीचा जिना चढताना पहिल्या वळणावर हे थांबले. "भिंतीचा रंग बघ कसा उडालाय." दुसऱ्या वळणावर थांबले. "हा दिवा कधी बदलला?" तिसऱ्या वळणावर तर बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी हे खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले. कठड्यावरचा हात सोडला नाही. मी बोलले असते तर रडले असते.

घरात शिरताच हे लेकीला म्हणाले, "बघ, उठलो की नाही? अगदी ठणठणीत!"

"टेबल कधी आणतोस?" लेक म्हणाली.

"आणतो की. आधी जरा पॉलिश करून घेतो."

पॉलिशला आठवडा लागला. मग एकदा खणाची कडी सैल निघाली. मग रेडिओची सवड नव्हती, म्हणे. टेबल एकट्यानं आणायचं तर रेडिओची सवड कशाला हवी, हे मी विचारलं नाही. एकदा दुपारी मी लेकीचे केस विंचरत होते. बाहेर हे खुर्चीतून उठत होते.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा माझ्यासारखा उठतो."

"म्हणजे?"

"आधी पुढे सरकतो. मग हात मांड्यांवर ठेवतो. मग थांबतो, श्वास घेतो, आणि मग उठतो. आणि उठल्यावर काहीतरी शोधतोय असं दाखवतो. मी पण तस्संच करायचे हॉस्पिटलात, नर्सला कळू नये म्हणून."

मी कंगवा चालवत राहिले. तीच पुढे म्हणाली, "त्याला कुणीतरी सांगा ना, नको आणू म्हणून."

"तू सांग."

तिला बापाचा मान ठेवायचा होता, आणि बापाला तिचे पाय परत हवे होते. दोघांच्या मधे मी, हातात कंगवा घेऊन.

मग तो दिवस आला. सकाळी हे जरा जास्तच जोरात म्हणाले, "आज टेबल!" आणि गेले. त्यांनी काय ठरवलं होतं ते मला नंतर कळलं, कारण रेडिओनं त्या दिवशी चक्क दोन वाक्यं बोलून मला सांगितलं. दोघांनी मिळून टेबल शेवटच्या वळणापर्यंत चढवायचं, तेही गुपचूप, एक शब्द न बोलता. मग रेडिओनं तिथेच दबा धरून बसायचं. आणि ह्यांनी पाठीला पट्टा लावून शेवटच्या तेवढ्या पायऱ्या एकट्यानं चढून, घाम पुसत दारात उभं राहायचं. पन्नाशीला आलेला बाप आणि ही अक्कल! तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीला जिन्यातले आवाज कळत नाहीत, असं समजण्याइतके हे आपल्याच लेकीला विसरले होते.

मी शिलाई मशीनवर होते. लेक पलंगावर. अचानक तिनं मला हात केला, "आई, मशीन थांबव."

मी पाय काढला. जिन्यात पावलं वाजत होती, जड, पट्टा करकरत होता. मग सगळं थांबलं. नुसता श्वास ऐकू यायला लागला. फासफूस, फासफूस, वरवरचा, भराभर.

"खालचा बोलत नाहीये," लेक म्हणाली.

"एकट्यानं आणतोय ना बाबा. कुणाशी बोलेल?"

"एकट्यानं असला तरी तो बोलतो. स्वतःशी बोलतो. 'हां, चल, टेक' करतो. आई, तो बोलत नाहीये!"

आणि ती उठली. मी पुढे व्हायच्या आत उठली. पलंगाची कड, मग टेकू म्हणून खुर्ची, मग भिंत. नळी मागून फरफटत येत होती. मी "अगं थांब, अगं पडशील" करत मागोमाग. तिनं बाहेरचं दार उघडलं, उंबरठ्यावर नळी ताणली गेली आणि तिच्या डोक्याला हिसका बसला. तिनं नळीकडे बघितलंसुद्धा नाही. कानामागून काढली, टाकली, कठडा धरला आणि दोन पायऱ्या उतरून खाली बसली.

हे जिन्याच्या मध्यावर होते. वाकलेले, पाठीवर टेबल, एक पाय वरच्या पायरीवर आणि तो पाय असा थरथरत होता की वाटलं आता गेला. चेहरा लालबुंद. टेबल मागे कललं होतं, आणि खालून रेडिओ धावत येऊन त्याला छाती लावून उभा होता. तोंडातून चकार शब्द नाही. रेडिओच तो!

"बाबा," लेक म्हणाली, "चढू नकोस. ऐकतोयस का?"

ह्यांनी मान हलवली.

"रेडिओकाका, पायरीवर टेका. हळू. बाबा, तू गुडघे वाकव. अजून. टेकलं. आता पट्टा सोड." तिला स्वतःलाच धाप लागली होती, दोन शब्दांमागे थांबत होती, पण बोलत होती. "खाली बस. आता तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ नकोस. नाकानं घे. ओठ असे कर, मेणबत्ती विझवल्यासारखे, आणि हळूहळू सोड. घाई करू नकोस. वाटतं की मरतोय, पण मरत नाही. मला माहितीये. परत कर. माझ्याबरोबर."

बाप-लेक जिन्यात समोरासमोर बसून फुंकर घालत होते. दोघांचेही पाय थरथरत होते. मी दारात उभी, हातात ती नळी. खाली उतरून तिचं बोट चाचपून बघितलं, गरम होतं. ओठ गुलाबी होते. आयुष्यात मी इतक्या बारकाईनं कुणाचे ओठ बघितले नव्हते.

बऱ्याच वेळानं ह्यांना आवाज फुटला. "महिनाभर वजन उचलू नका म्हणाली होती ती चष्मेवाली पोरगी," हे म्हणाले. "मला वाटलं, तिला काय कळतंय."

"तुम्हाला मी बघते," मी म्हटलं. "आधी वर या, मग बघते."

"हरलो," हे लेकीला म्हणाले. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "पाय माझे नाहीतच असं वाटलं गं. काही होत नाही म्हणायचो तुला. सगळं होतं. आता तू म्हणशील ते."

ती आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं, तिनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आणि ह्यांनी शब्द दिला होता. हे डोकं फिरलेले असतील, पण शब्द मोडत नाहीत. मला वाटलं की मधे पडावं, तिच्या तोंडावर हात ठेवावा.

लेकीनं बापाच्या पायाकडे बघितलं. थरथर अजून थांबली नव्हती. तिनं हात लांबवून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला.

"मी म्हणेन ते?"

"हो."

"मग एकट्यानं कुणी उठायचं नाही," ती म्हणाली. "मी नाही आणि तूही नाही. दोघांनी उठायचं. आणि बोलणार मी."

मला रडू कोसळलं. रेडिओ खालून टेबल धरून होता, त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

टेबल त्या दिवशी वर आलं नाही. रेडिओनं ते एकट्यानंच मागे घेऊन वळणावर भिंतीला लावून ठेवलं, आणि मी त्याला सांगितलं की राहू दे तिथेच. सगळे शेजारी कुरकुरले. त्यांना मी काय ते उत्तर दिलं, परत कुणी बोललं नाही. उलट वरच्या मजल्यावरच्या आजींनी त्यावर एक कुंडी आणून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं त्या टेबलापर्यंत उतरायला लागले. कधी दार ते दुसरी पायरी, कधी त्याच्या पुढे. लेक म्हणेल तेव्हा उतरायचं, म्हणेल तेव्हा टेकायचं. हिला धाप लागली की हे थांबायचे, आणि ह्यांचे गुडघे भरून आले की ही थांबायची. एखाद्या दिवशी ती रडली, "नाही जमत" म्हणून तिथेच बसली. पूर्वी हे म्हणाले असते की काही होत नाही. आता नुसते शेजारी बसायचे. मग कुणीतरी एक आधी म्हणायचं, "उठायचं?" मी टेबलावर चहा नेऊन ठेवायची. हळूहळू ती गृहपाठही तिथेच करायला लागली, आणि मग टेबलाच्याही पुढे उतरून दुसऱ्या मजल्यापर्यंत, आणि एके दिवशी रस्त्यापर्यंत. ऑक्सिजनचं मशीन परत करून टाकलं तेव्हा घर इतकं शांत वाटलं की मी उगाच शिलाई मशीन चालवत बसले.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी तिच्या मांड्या दाबून बघितल्या, तिला हॉस्पिटलच्या त्याच बोळातून चालवलं, आणि मला विचारलं, "काय केलंत तुम्ही?" मी म्हटलं, "मी काही नाही केलं. मी चिडले फक्त."

ह्यांनाही हळूहळू कामावर जाता यायला लागलं, आधी हलकं सामान, मग जड. पण तिचं टेबल वळणावरच होतं. ती आणू देत नव्हती. म्हणायची, अजून नाही.

परवा सकाळी तीच म्हणाली, आज आणू या. रेडिओला बोलावलं. हे म्हणाले, खाली मी. लेक म्हणाली, नाही, बाबा, तू अजून वर. भार रेडिओकाका घेईल. हे म्हणाले, अगं, पण खालच्यानं बोलायचं असतं, आणि हा तर... रेडिओनं मान हलवून कबूल केलं की खरं आहे, आपल्याच्यानं ते होणार नाही.

मी वर दाराशी थांबले होते. खाली काहीतरी सरकलं, आणि मग आवाज आला. रेडिओच्याही मागून, सगळ्यांच्या खालून. बारीक, जरासा धाप लागलेला, पण असा ठणठणीत की वरच्या आजींनी खिडकी उघडली.

"उचला. हां. एक पायरी. टेका. बाबा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," हे म्हणाले.

"बोलू नकोस मग. तू वरचा आहेस."

मी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.